म्हाकूची माकडशिंगी

आमच्या माळावर दगडांशिवाय काही उगवत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी कोरडेवाडीच्या म्हाकूबाईची गोष्ट ऐकलेली नाही. फार वर्षांपूर्वीची ही धनगरीण. अंगानं काटकुळी, जिभेनं फटकळ. माळावरची माकडशिंगी तिच्याइतकी देवालाही ठाऊक नव्हती, असं म्हणतात.

माकडशिंगी म्हणजे बोटाएवढी, हिरवी, बिनपानांची कांडी. गवताच्या आडोशाला उगवते. मीठ लावून चावली की भूक मरते, तहानही दबते. मेंढरांमागं फिरणाऱ्यांची तीच न्याहारी. पण म्हाकूचे दंडक दोन होते. मूळ उपटायचं नाही आणि पाजत्या बाईला कांडी द्यायची नाही. "आईची भूक मेली की दूध आटतं," ती म्हणायची.

मग एकदा सलग तिसऱ्या साली पाऊस फिरकला नाही. मेंढरं गेली, विहिरी आटल्या. गाव नदीकडं निघालं. वाट सात दिवसांची आणि घरटी शिदोरी गाडगंभर हुलग्यांची. म्हाकूची सून सुंद्रा ओली बाळंतीण, झोळीत वीस दिवसांचं लेकरू. ते जगतंय की जातंय, हाच सगळ्यांना घोर.

म्हाकू पुढं चालायची. ती काठी टेकवील तिथं माकडशिंगी उगवायची, असं म्हणतात. खोटं वाटत असेल तर चालून बघा ती वाट! अख्खं गाव कांड्या चावत चाललं. सुंद्रानं कांडीला हात घातला की म्हाकू फटका द्यायची. मग तीन दगड मांडून, पखालीतल्या घोटभर पाण्यात तिच्यासाठी हुलगे शिजवायची.

"आत्या, तुमी?" सून सासूला विचारायची.

"मी मघाशीच जेवले. तू गिळ मुकाट्यानं."

आणि गावानं ते खरं मानलं. अहो, चूल पेटवणारी बाईच उपाशी असेल, असं कुणाच्या मनात तरी येतं का? तिथंच गाव चुकलं.

सातव्या दिवशी नदी दिसली. काठच्या लोकांनी भाकरी-ताक आणलं. लेकरानं टाहो फोडला आणि सगळे हसले, कारण रडायला त्याच्यात बळ होतं. सुंद्रानं पहिली भाकरी म्हाकूपुढं धरली. म्हाकूनं तुकडा तोंडाशी नेला आणि खाली ठेवला.

"सुंद्रे, भूकच न्हाई गं लागत."

सात दिवस मारलेली भूक परत आलीच नाही. सासूच्या पोटात कांडीशिवाय काही गेलं नव्हतं, हे सुंद्राला तेव्हा उमगलं. ती तिच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडली. "आत्या, म्या नीट इचारलं न्हाई वो!"

"इचारलंस की. म्याच लबाड." एवढं बोलून म्हाकूनं नातवाच्या टाळूवर हात ठेवला आणि डोळे मिटले. ते पुन्हा उघडले नाहीत.

त्या वाटेवर माकडशिंगीचं मूळ आजही कुणी उपटत नाही. आणि कोरडेवाडीत बारसं असो की लग्न, पानं वाढली तरी घास कुणी उचलत नाही. आधी स्वयंपाक करणारीला पाटावर बसवतात. सगळी पंगत विचारते, "म्हाकू, जेवलीस का?"

"मघाशीच," ती म्हणते.

"खोटं!" पंगत ओरडते. आणि ती चार घास खाईपर्यंत सगळं गाव हात आवरून बसून राहतं.