चेअरमनसाहेबांनी केलेलं काम

आमच्या शेजारच्या मार्थाबाई साळव्यांचं डोकं म्हणजे देवाची देणगी हो! नाताळच्या संध्याकाळी त्या सोसायटीच्या अंगणात पोरांना येशूजन्माचा सिनेमा दाखवणार होत्या. पडदा बांधला, पोरं सतरंजीवर बसली, तेवढ्यात चेअरमन निमकरसाहेब आले.

"सार्वजनिक ठिकाणी धर्म नको. काढा पडदा. इथं जागा नाही!"

मी कठड्याशी उभी, बाईंनी दिलेली करंजी हातात तशीच. वाटलं, आता बाई रडणार.

त्या पोरांकडे वळल्या. "बाळांनो, सिनेमा सुरू झाला बरं! दिवस भरलेल्या मरीयेला उतारशाळेचा, म्हणजे धर्मशाळेचा, मालक हेच म्हणाला होता. साहेबांनी काय हुबेहूब काम केलं! आता बाळ जन्मायला गोठा कोण देणार?"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांना हसावं की रागवावं कळेना. तोच वरून त्यांच्या आईचा आवाज आला, "विन्या, गॅरेजातली गाडी बाहेर काढ!"

सिनेमा गॅरेजात झाला. उतारशाळेचा प्रसंग आला तशी सगळी पोरं मागे वळली. साहेब कुठंच दिसेनात. बघते तर काय, वाऱ्यानं सुटलेलं पडद्याचं टोक धरून ते पुढेच, पडद्याआड अंधारात उभे होते!