चिमाईची पालखी उठेना

पांघरुणं गळ्यापर्यंत घ्या. आणि चिंगे, भावाला लाथा मारणं थांबव आधी. तू थांबलीस की मी सुरू करते. हं. डोळे मिटलेत तरी चालेल, गोष्ट कानांनी ऐकायची असते.

एक होता राजा. त्याला ना, एका संतीणबाईचा भारी अभिमान. तिचं नाव चिमाई. फार वर्षांपूर्वी ती लग्न होऊन त्याच्या नगरात आली होती. जात्यावर बसायची, दळायची, दळता दळता देवाचं नाव घ्यायची. तिच्या जात्याखालचं पीठ कधी सरायचंच नाही. दारात भुकेला आला की भाकरी खाऊनच जायचा. ती देवाघरी गेली तेव्हा लोकांनी तिथेच तिची समाधी बांधली. मग राजानं वर देऊळ बांधलं, त्याला सोन्याचा कळस चढवला. दर चैत्रात जत्रा भरायची आणि चिमाईच्या पादुका पालखीत बसून नगराला फेरी घालायच्या. राजा पाहुण्यांना सांगायचा, "चिमाई आमच्या नगरची."

आणि तिकडे डोंगरात होतं बोरखडक. ते चिमाईचं माहेर, बरं का. तिथल्या माणसांचा तोरा तर विचारूच नका! बाजाराला जावोत नाहीतर सोयऱ्याकडे, राम राम झाला की लगेच, "आम्ही चिमाईच्या गावचे." छाती ही एवढी फुगलेली. पण चिमाईला भेटायला कधी कुणी गेलं होतं का? नाही! का नाही? ऐका आता. गावात आळ्या तीन. वरली, मधली आणि खालची. वरली आळी म्हणे, चिमाई आमच्यात जन्मली. मधली म्हणे, छट्, आमच्यात. खालची म्हणे, आमच्याकडे तर तिचा पाळणा आहे. पाळणा तिन्ही आळ्यांकडे होता, ते सोडा. मग तिची ओटी घेऊन जायचा मान कुणाचा? यावरनं भांडण. भांडणात जत्रा निघून जायची. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. लेक तिकडे वाट बघत असेल, हे एकाच्याही मनात आलं नाही. मला तर बाई असल्या माणसांचा रागच येतो.

मग एका वर्षी काय झालं, पालखी उठेना.

भोयांनी खांदा दिला. हलेना. मग तालमीतले पैलवान आले, दंड थोपटून आले. हलेना. मग हत्ती आणला. हत्तीनं सोंड गुंडाळली, जोर लावला, आणि चक्क मागे सरून खाली बसला. लोक घाबरले. तेव्हा म्हातारा पुजारी म्हणाला, "महाराज, लेक रुसलीय. इतकी वर्षं झाली, माहेरचं माणूस ओटी घेऊन आलेलं नाही. ओटी भरल्याशिवाय ती उठायची नाही."

राजानं दवंडी पिटवली. दवंडी बोरखडकात पोचली, आणि मग काय पळापळ! वरल्या आळीचा म्होरक्या जरीची साडी घेऊन धावला. पालखी हलेना. मग मधल्या आळीचा म्होरक्या गेला, पाटल्या-बांगड्या घेऊन. पालखी हलेना. मग खालच्या आळीचा म्होरक्या गेला, तो तर पाळणाच डोक्यावर घेऊन गेला! नगरातली पोरं त्याच्या मागे हसत हसत. पालखी काही हलेना.

राजा संतापला. म्हणाला, "बोरखडक हे चिमाईचं माहेरच नाही. सगळे लबाड. आणि जी पालखी हलत नाही ती जगाला दाखवायची तरी कशाला? उद्या जत्रा संपते. उद्या दिवस मावळेपर्यंत पालखी उठली नाही, तर देवळाचा दरवाजा चिणून टाकीन. कायमचा."

म्हणजे बघा हं. चिमाई आत कोंडली जाणार. ना तिला नगर दिसणार, ना माहेर.

तिघे म्होरके गावात परत आले आणि पारावर बसून एकमेकांवर खेकसायला लागले. तुझ्यामुळे, नाही तुझ्यामुळे. त्या वाटेनं चालली होती बयजा, डोक्यावर पाण्याची घागर. ही बयजा गावात नवी. गेल्या माघात लग्न होऊन आली होती, नदीपलीकडच्या खैरमाळहून. तिनं सगळं ऐकलं. घागर खाली ठेवली.

"मी जाते," ती म्हणाली.

पारावरचे सगळे हसले. वरल्या आळीचा म्होरक्या म्हणाला, "तू? आगं, तू कुठली, काय कुठली! तू काय हितली हाईस व्हय?"

"न्हाई," बयजा म्हणाली. "पन वाट बघनं मला ठावं हाय. माझ्या माहेरावरनं अजून कुनी आलं न्हाई. रोज सांजंला मी वाटंकडं बघती. चिमाई तर किती वरसं बघतीया."

तिनं पदर खोचला. आणि कुणाची परवानगी बिरवानगी विचारत बसली नाही. वरल्या आळीत गेली, घरोघरच्या मागच्या दारी उभी राहिली. "बाई, एक मूठ तांदूळ दे. चिमाईच्या ओटीला." मग मधल्या आळीत. मग खालच्या आळीत. पुरुष पारावर भांडतायत, आणि बायका मुकाट्यानं मूठ मूठ घालतायत. आता बायका का देत होत्या? अरे, त्या सगळ्याच कुठून कुठून नांदायला आलेल्या! त्यांना सांगावं लागलं नाही. कुणी हळकुंड दिलं, कुणी सुपारी, कुणी साधासा खण. एका म्हातारीनं घरातला एकुलता नारळ दिला. सगळे तांदूळ एका फडक्यात मिसळले. आता कुठल्या आळीचे कुठले, निवडून दाखवा!

बयजाचा नवरा गोठ्यात होता. ती म्हणाली, "मी नगराला चाललेय." तो म्हणाला, "जा. गुरांचं मी बघतो." शहाणा होता.

मग निघाली. पहाटेला निघाली ती चालतच राहिली. आधी काटवन लागलं, पायात काटे मोडले. मग उघडा माळ लागला, पाय भाजले. मग नगराची वेस लागली, तिथे पहारेकऱ्यानं अडवलं. "फडक्यात काय?" "तांदूळ." "पालखी हत्तीनं हलली नाही, तुझ्या तांदळानं हलणार?" बयजा म्हणाली, "मी हितनं हलायची न्हाई. आत तरी सोड, न्हाईतर दिवसभर माझं तोंड बघ." त्यानं सोडलं.

देवळाशी पोचली तेव्हा उन्हं कलली होती. दिवस मावळताच शेवटचा दगड बसावा म्हणून गवंडी आधीपासूनच दगड रचत होते. अर्धा दरवाजा चिणूनही झाला होता! बयजा त्या दगडांवर पाय देऊन आत उतरली. आत राजा, राणी आणि दरबारी होते, चिमाईचं शेवटचं दर्शन घ्यायला आलेले.

राजा म्हणाला, "कोण गं तू? चिमाईच्या माहेरची?"

आता खोटं बोलली असती तर? सोपं होतं. पण नाही बोलली. म्हणाली, "न्हाई महाराज. माझा जन्म खैरमाळचा. बोरखडकाची मी सून."

दरबारी खो खो हसले. गावात जन्मलेल्यांना जमलं नाही आणि ही परकी आली! राजा म्हणाला, "बाहेर काढा हिला."

बयजा तिथेच उभी. म्हणाली, "जाते. पन एक सांगा. तुमच्या घरी लेक माहेराला आली, तर तिची ओटी कोन भरतं? तुम्ही भरता?"

राजा दरबाऱ्यांकडे बघायला लागला. दरबारी राजाकडे. तिघे म्होरके पुरुष आले होते नटूनथटून, आणि कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं! तेवढ्यात चिकाच्या पडद्याआडून राणी बोलली, "ओटी भावजय भरते. घरची सून."

"मग?" बयजा म्हणाली. "मी त्या गावची सून. म्हंजे मी तिची भावजय."

बयजा पालखीपाशी गेली. सगळे चिमाईला आई म्हणायचे, माउली म्हणायचे. बयजानं पादुकांना हळद-कुंकू लावलं. खण ठेवला, नारळ ठेवला, ओंजळ भरभरून तांदूळ घातले. मग वाकली आणि घरातल्या माणसाशी बोलावं तशी हळूच म्हणाली, "वन्सं, लई उशीर झाला आमाला. चला घरी."

वन्सं म्हणजे नणंद, बरं का. इतक्या वर्षांत तिला वन्सं कुणी म्हटलंच नव्हतं.

आणि पालखी उठली. भोयांनी नुसता हात लावला तर उठली! पण नगराच्या फेरीला नाही वळली. सरळ डोंगराकडे वळली. राजा आडवा झाला, "अहो, चिमाई आमची आहे!" बयजा म्हणाली, "तुमचीच हाय. सासर तुमचंच. चार दिस राहील आनि येईल. सासरच्यांनी इतकं तरी मन मोठं करावं." राणी हसली. मग राजा बाजूला झाला, आणि गवंड्यांना म्हणाला, "काढा ते दगड."

बोरखडकात पालखी पोचली. तिन्ही आळ्या धावल्या. आमच्याकडे, आमच्याकडे! बयजा म्हणाली, "वन्सं चावडीत उतरतील. ज्याला भेटायचं त्यानं तिथं यावं, भाकरी घेऊन." आले बापडे, काय करतात! शेजारी शेजारी बसून जेवले. चिमाई माहेरपणाला राहिली. बायकांनी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. आणि त्या दिवसांत गावातल्या कुठल्याही मडक्यातलं पीठ सरलं नाही.

मग जायचा दिवस आला. पालखी वेशीपर्यंत गेली. सगळं गाव मागे. ते तिघे म्होरकेही होते. आणि तुम्हाला सांगते, त्या दिवशी "चिमाई आमच्या गावची" असं कुणी म्हणजे कुणी म्हटलं नाही. वरल्या आळीचा म्होरक्या डोळे पुसत होता, आणि सगळे एवढंच म्हणत होते, "परत ये गं बाई. लवकर ये."

ती येते दर वर्षी. वहिनी न्यायला जाते. सासर सुखात, माहेर सुखात, आणि आता तुम्हीही सुखानं झोपा बघू. चिंगे, झोप. पाणी सकाळी.