गैरहजर चोर

कमवा-शिका योजनेतल्या मुलांची हजेरी भिकाजी मुकादम मांडायचा. त्याने दिलवर पावराला कॉलेजच्या बागेवर घेतलं होतं. प्राचार्यांनी मात्र त्याला आपल्या बंगल्यावरची टाकी धुवायला नेलं. तिथे शिडीवरून पडून त्याची कंबर मोडली. त्या दिवशी तो कामावर हजर असल्याची नोंद असेल, तरच कॉलेज उपचारांचा खर्च करणार होतं.

“त्या दिवशी तो गैरहजर होता असं मांडा, मुकादम,” प्राचार्य त्याची हजेरीची वही उघडून म्हणाले.

“मांडतो, साहेब. पण संध्याकाळी पोलीस जबाब घ्यायला येतील. गैरहजर पोरगा तुमच्या गच्चीवर कशाला चढला, म्हणून विचारतील. तुम्ही चोरी लिहून द्या. टाकी घासून ठेवणारा चोर त्यांनीही पाहिला नसेल.”

प्राचार्यांनी वही मिटून परत दिली.

“राहू दे हजर.”

दिलवरचे उपचार झाले. शिडी मात्र त्याला पुन्हा कधी चढता आली नाही.