धुतलेलं झाकण

“आणि तुम्ही स्वतः वाइनचा घोट कधी घेतलाय का?”

“नाही.”

“बियर? दुसरं काही?”

“चहा सोडून वीस वर्षं झाली.”

“मग मला तुम्ही काय शिकवणार?”

केरूतात्या खाटेवर बसले होते. त्यांनी पाय वर घेतले.

“मी कुठं बोलावलं होतं तुम्हाला?”

प्रश्न विचारणारे डॉक्टर पिशवी घेऊन पायरीवर टेकले.

हे डॉक्टर म्हणजे प्रद्योत बेदरकर. औषधाचे डॉक्टर नव्हेत, शास्त्रज्ञ. नाशिकला एका प्रयोगशाळेत यीस्टवर काम करायचे. आल्या आल्या तात्यांच्या सुनेनं, मंदानं, त्यांना बाळाच्या खोकल्याचं विचारलं होतं.

“मी तसला डॉक्टर नाही हो,” ते म्हणाले होते.

“मग कसले?”

“पाव कशानं फुगतो, द्राक्षाच्या रसाची वाइन कशी होते, ते बघतो.”

“अगंबाई,” मंदा म्हणाली होती, “त्याला पण डॉक्टर लागतो?”

पण नोकरी वेगळी आणि जीव वेगळा. डॉक्टरांचा जीव वाइनच्या चवीत होता. दर रविवारी ते एक बाटली उघडायचे. ग्लास उजेडात धरायचे, वास घ्यायचे, एक घोट तोंडात घोळवून थुंकून टाकायचे. मग ती कशी लागली ते चार ओळींत फोनवर लिहायचे. हजारो लोक वाचायचे. द्राक्षवाले घरी बाटल्या पाठवायचे. डॉक्टरांनी जांभूळ लिहिलं की वाचणाऱ्यांना त्या वाइनमध्ये जांभूळ लागायचं.

तात्यांचं काम साधं होतं. दूध संघाच्या धक्क्यावर एकतीस वर्षं. गावोगावचे दुधाचे कॅन आले की झाकण उघडायचं आणि झाकण हुंगायचं. दुधापेक्षा झाकण लवकर सांगतं. एक आंबलेला कॅन टाकीत गेला तर अख्खा टँकर जातो. तात्यांच्या हाताखालून तसा कॅन कधी गेला नाही, असं लोक सांगायचे.

म्हणून डॉक्टर आले होते.

“माझं नाक चांगलं आहे,” ते म्हणाले. “पण अजून तयार करायचंय.”

एवढंच सांगितलं. एक गोष्ट सांगितली नाही.

भाद्रपदात त्यांना ताप आला होता. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. उदबत्ती लावली तरी फक्त धूर दिसायचा. जिभेला गोड-खारट कळायचं, बाकी सगळं ओलं पाणी. घरच्यांनाही सांगितलं नाही. प्रयोगशाळेत एक यंत्र होतं. वाइनमध्ये काय काय आहे, किती आहे, सगळं ते दाखवायचं. त्या आकड्यांवरून डॉक्टर चार ओळी लिहायचे. आठ महिने लिहिल्या.

कुणाला कळलं नाही. उलट दोघातिघांनी कळवलं की हल्ली तुम्ही जास्त चांगलं लिहिता.

आता त्यांच्या पिशवीत एक बाटली होती. शेजारच्या गावच्या सुलभा गांगुर्डे यांची. त्यांनी आपल्या तीन एकरांतल्या द्राक्षांची पहिल्यांदाच वाइन केली होती. टाकी भरून तयार होती. त्या म्हणाल्या होत्या, “डॉक्टर, तुम्ही चांगली म्हणालात तर बाटल्या भरते. नाही म्हणालात तर थांबते. मला त्यातलं काही कळत नाही.”

यंत्रानं चांगली म्हटलं होतं.

डॉक्टरांचा हात काही लिहायला उठत नव्हता.

तात्या उठले. भिंतीच्या खिळ्याला कॅनचं एक झाकण टांगलेलं होतं. ते काढून त्यांनी डॉक्टरांच्या हातात दिलं.

“काय येतंय?”

डॉक्टरांनी झाकण नाकाशी धरलं. डोळे मिटले. बराच वेळ मिटलेले ठेवले.

“गाईचं दूध. सकाळचं. हिरवा चारा… बहुतेक मका.”

“हं.”

तात्यांनी झाकण परत खिळ्याला लावलं.

“बरोबर आहे का?”

“उद्या या.”

दुसऱ्या दिवशी सूर्य वर यायच्या आत डॉक्टर हजर.

“काय येतंय?”

“आज म्हशीचं. सरकी खाल्लीय म्हशीनं.”

“हं. उद्या या.”

घरी जाऊन डॉक्टरांनी दुधावरची पुस्तकं काढली. कुठल्या चाऱ्यानं कुठला वास येतो, कॅन नीट घासला नाही तर कसला येतो, सगळं पाठ केलं. नाक परत आणायचंच. नाही आलं तर नाकावाचून नाकाचं काम करायचं. हार मानणाऱ्यातले ते नव्हतेच.

पाचव्या दिवशी ते म्हणाले, “लसूणघास. आणि झाकणाच्या कडेला किंचित धूर. शेणीवर तापवलेल्या पाण्यानं धुतलंय.”

“हं.”

दारात मंदा बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, “मामंजी, डॉक्टरसाहेबांना म्हैस दिसतेच की हो डोळ्यांपुढं. आता तिचं नावसुद्धा सांगतील.”

डॉक्टर हसले. त्यांना बरं वाटलं.

तात्या बाळाकडे बघत होते.

सातव्या दिवशी वाटेत स्कूटर पंक्चर झाली. डॉक्टर तीन किलोमीटर ढकलत आले. आल्या आल्या हात पुढं केला.

“झाकण द्या.”

“पाणी तरी प्या.”

“आधी झाकण.”

नवव्या दिवशी सुलभाबाईंचा फोन आला. टाकी फार दिवस तशीच ठेवता येत नाही म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले, “शुक्रवारपर्यंत कळवतो.”

शुक्रवारी डॉक्टर आले तेव्हा घरात बाळाचं रडणं चाललं होतं. रात्रीपासून वीज नव्हती. फ्रिज बंद. वैशाखातला उकाडा. मंदाचं नाक सर्दीनं चोंदलेलं, डोळे लाल.

मूल नऊ महिन्यांचं. मागच्या आठवड्यात त्याचं पोट बिघडलं होतं, तीन दिवस हगवण. आत्ता कुठं मान वर करायला लागलं होतं.

मंदा वाटी घेऊन बाहेर आली. वाटीत दूध, वर चमचा. तिनं एक थेंब मनगटावर घेतला, नाकाशी नेला, मग जिभेवर. पुन्हा घेतला.

“काही कळेना बाई,” ती म्हणाली. “कालचं आहे. तापवून बघावं तर तापवायचं, निववायचं, अर्धा तास जायचा. ह्याला तेवढा दम नाही. मामंजी, काय करू?”

तात्यांनी खाटेवरूनच डॉक्टरांकडे बोट केलं.

“त्यांना दे. त्यांचं नाक मोठं.”

“हो की,” मंदा म्हणाली. “म्हैस ओळखतात, हे तर वाटीभर दूध. बघा हो डॉक्टरसाहेब, नासलंय का. तुम्ही बरं म्हणालात तर पाजते.”

वाटी डॉक्टरांच्या हातात आली.

त्यांनी ती नाकाशी नेली. डोळे मिटले.

दूध पांढरं होतं. गुठळी दिसत नव्हती. रात्रीपासून वीज नाही म्हणजे इतके तास, एवढा उकाडा, तापवलेलं दूध… त्यांनी मनात हिशेब मांडला. टिकलं असेल. नसेलही. निम्मं-निम्मं.

बाळ वाटीकडे बघून हात हलवत होतं. रडायचं थांबलं होतं. त्याला वाटलं आता मिळणार.

मंदा चमचा पुसून तयार होती.

“कसंय?”

डॉक्टरांनी डोळे उघडले.

“चांगलं…”

आणि थांबले.

मंदानं हात पुढं केला. डॉक्टरांनी वाटी दिली नाही.

“वहिनी, मला वास येत नाही.”

“दुधाला वास येत नाही ना? मग झालं तर.”

“तसं नाही. मला येत नाही. कशाचाच. आठ महिने झाले.”

मंदा त्यांच्याकडे बघत राहिली. मग झाकणाकडे. मग तिनं त्यांच्या हातातली वाटी काढून घेतली आणि आत गेली. आतून स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला.

थोड्या वेळानं ती पातेलं घेऊन दारात आली. तिरपं करून दाखवलं. दूध फाटलं होतं. हिरवट पाणी एकीकडे, गुठळ्या दुसरीकडे.

“मी पाजलं असतं,” ती म्हणाली. “तुम्ही चांगलं म्हणाला असता तर मी पाजलं असतं.”

“हो.”

“मागच्या वेळी तीन दिवस माझ्या मांडीवरून उतरलं नव्हतं हे.”

“हो, वहिनी.”

ती भाताची पेज करायला आत गेली.

डॉक्टर ओट्याच्या पायरीवर बसले. म्हणाले,

“तुम्हाला कळलं होतं.”

“पहिल्या दिवशीच.”

“कशावरून?”

तात्यांनी खिळ्यावरचं झाकण काढून मांडीवर घेतलं.

“हे नवं आहे. यात दूध कधी गेलंच नाही. मी रोज राखेनं घासतो, उन्हात ठेवतो.”

डॉक्टरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. गाय, म्हैस, मका, सरकी, लसूणघास…

“मग रोज हं का म्हणत होता?”

“तुम्ही रोज येत होता म्हणून.”

“पहिल्याच दिवशी हाकलून द्यायचं होतंत.”

“हाकलल्यावर तुम्ही दुसऱ्या कुणाचं झाकण हुंगलं असतं.”

आत बाळ पुन्हा रडायला लागलं. मंदा त्याला काहीतरी सांगत होती, “झालं हं, झालं, निवतंय.”

डॉक्टर एकदम म्हणाले,

“पण वाटी तुम्ही का नाही बघितली? तान्हं पोर आहे घरात. मी खोटं बोललो असतो तर?”

तात्या झाकण पुसत होते.

“मी तिचा हात धरला असता.”

“आणि वास?”

“मला वास येऊन अकरा वर्षं झाली.”

डॉक्टरांनी मान वर केली.

“अकरा? तुम्ही निवृत्त होऊन तर पाचच वर्षं…”

“हं.”

“म्हणजे सहा वर्षं नाकाशिवाय धक्क्यावर?”

“नाक गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांना जाऊन सांगितलं. साहेब म्हणाले, मग आता तुमचा काय उपयोग. मी म्हटलं, आठ दिवस बघा. नाही जमलं तर झाडू मारतो.”

“काय केलंत?”

“झाकण उघडायचं आणि ज्याचं दूध त्याच्याच नाकाशी धरायचं. म्हणायचं, माझं नाक गेलंय, तुम्हीच सांगा. आणि तोंडाकडं बघत राहायचं.”

“खोटं बोलायचे की लोक.”

“बोलायचे. तोंडानं बोलायचे, डोळ्यांनी नाही.”

“आणि एकही कॅन…”

“दोन गेले,” तात्या म्हणाले. “लोक ते सांगत नाहीत, नाक गेल्याचंही नाही. मी सांगतो.”

डॉक्टरांनी पिशवीतून बाटली काढली. पायरीवर ठेवली. उन्हात ती काळपट लाल दिसत होती. त्यांनी फोन काढला, परत खिशात ठेवला, पुन्हा काढला.

मग लावला. पलीकडून आवाज आला तसा त्यांनी स्पीकर चालू केला. फोन पायरीवर ठेवला.

“सुलभाताई, बेदरकर बोलतोय.”

“बोला डॉक्टर. सकाळपासून फोन हातातच धरून बसलेय. कशीय?”

“मला माहीत नाही.”

“आं?”

“मला आठ महिने वास येत नाही. चवही धड नाही. मी यंत्र बघून लिहीत होतो. तुमची वाइन मी चाखली, पण मला काही कळलं नाही. यंत्र चांगली म्हणतंय. माझ्या शब्दावर बाटल्या भरू नका. आणि हे मी आजच सगळ्यांना लिहून कळवणार आहे.”

पलीकडे टाकीच्या खोलीतला पंखा ऐकू येत होता.

“ताई?”

“डॉक्टर,” सुलभाबाई हळू म्हणाल्या, “टाकीचं झाकण उघडलं की मला जरा ओल्या गोणपाटासारखं येतंय. आठवडा झाला.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही एवढे मोठे. मी म्हटलं, आपल्याच नाकाचा दोष असंल.”

डॉक्टरांनी कपाळ धरलं.

“ताई, बाटल्या भरू नका. आधी ते कुठून येतंय ते शोधू. मी दुपारी येतो.”

“तुम्हाला वास येत नाही म्हणता. येऊन काय करणार?”

डॉक्टरांनी तात्यांकडे बघितलं. तात्या दुसरीकडे बघत होते.

“वास तुम्ही घ्या,” डॉक्टर म्हणाले. “मी शेजारी उभा राहतो.”

फोन बंद झाला.

आतून चमच्याचा आवाज येत होता. बाळ पेज खात होतं. मध्येच मंदानं दारातून डोकावून डॉक्टरांकडे बघितलं. एका वाटीत थोडी पेज त्यांच्यापुढं आणून ठेवली.

“मीठ बघा बरोबर आहे का,” ती म्हणाली. “तेवढं तरी कळतं ना?”

“तेवढं कळतं.”

त्यांनी चाखलं. “कमी आहे.”

“बाळासाठीची आहे, कमीच असते,” ती म्हणाली, आणि आत गेली.

डॉक्टरांनी वाटी रिकामी केली. उठले. बाटली पिशवीत घातली. स्कूटरपर्यंत गेले आणि परत फिरले.

“माझं नाक परत येईल का, तात्या?”

“मला काय ठाऊक.”

“तुमचं आलं नाही.”

“नाही.”

“मग आता शिकायचं काय उरलं?”

तात्यांनी झाकण खिळ्याला लावलं. नीट बसलं का ते हलवून बघितलं.

“तरी मी येणार,” डॉक्टर म्हणाले. “नाही म्हणालात तरी येणार. उद्या येऊ ना?”

“ये,” तात्या म्हणाले. “उद्या झाकण मी हुंगतो. तू माझ्या तोंडाकडं बघ.”