एकशे बारा चिंचा

ढेकळवाडीजवळ महामार्गाची अशी चाळण झाली होती, की दवाखान्याच्या वाटेवर एक बाई जीपमध्येच बाळंत झाली. सरपंच शेवंताबाई तडक महामार्गाच्या कचेरीत गेल्या. मोठे इंजिनियर निंबकरसाहेब अर्ज न वाचताच म्हणाले, "बायपास झाल्यापासून तो जुना रस्ता राज्याकडे गेला. आमचा काडीचा संबंध नाही."

राज्याच्या कचेरीत ऐकायला मिळालं, "आम्हाला ताबाच दिलेला नाही."

दोन वर्षं हेलपाटे घातल्यावर शेवंताबाईंनी गाव गोळा केला. "रस्ता कुणाचाच नाही, मग कडेच्या चिंचाही कुणाच्या नाहीत. झोडपा!"

त्या चिंचांचा लिलाव मात्र दरसाल निंबकरसाहेबांचीच कचेरी करायची. पोती भरतायत तोवर साहेबांची गाडी आदळत आपटत हजर.

"चोरी आहे ही! प्रत्येक खोडावर आमचा नंबर रंगवलाय, दिसत नाही?"

"आम्हाला काय कळतंय, साहेब? तसं कागदावर लिहून द्या, लगेच पोती देते."

साहेबांनी बॉनेटवरच पंचनामा लिहिला: रस्त्याच्या दोन्ही कडांची एकशे बारा झाडं, सगळी आमच्या महामार्गाच्या हद्दीत. खाली झोकदार सही ठोकली.

शेवंताबाईंनी कागद घडी करून कनवटीला खोचला आणि पोती गाडीत चढवायला लावली.

"चिंचा तुमच्या, साहेब, तसे दोन्ही कडांच्या मधले खड्डेही आता तुमचेच. ते मोजत बसू नका, जाताना तुमची गाडीच मोजेल."