तांबूचं कवच

खाडीकाठी माणसांची वस्ती नव्हती तेव्हाची गोष्ट. म्हातारी खेकडीण पिल्लांना रोज शिकवायची, "आपलं कवच म्हणजे आपण नव्हे." तांबू नावाचं पिल्लू हे सगळ्यांत मोठ्यानं घोकायचं.

एके दिवशी त्याचंच कवच उकललं. तो घाबरून बिळात शिरला. "आजी, माझे तुकडे होतायत! तू आत ये."

"आत एकाचीच जागा आहे, बाळा. ते जुनं कवच सोड, नाहीतर गुदमरशील. मी दाराशी आहे."

भरती आली, ओसरली. मऊ, उघडा तांबू अंधारात एकटाच पडून राहिला. अंग टणक झाल्यावर तो बाहेर आला आणि मागे पडलेलं कवच बघतच राहिला.

"आजी, हा मी नव्हतोच! तू कधी सांगितलं कसं नाहीस?"

शेजारच्या बिळातून दुसऱ्या पिल्लाचं रडू ऐकू येत होतं. आजी त्या दाराशी जाऊन एकटीच बसली.