हौशाची आगळ

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा कायद्याची पुस्तकं नव्हती. माणसं मात्र आजच्याइतकीच भांडत होती.

एका मळ्यात एक म्हातारा माळी आणि त्याची बायको राहत. माळ्याची मनगटं आता दुखू लागली होती, कासरा हातात टिकत नव्हता. बैलजोडीतला एक बैल म्हातारपणाने गेला होता. उरला होता हौशा. तांबडा, दांडगा, एक शिंग जरासं वाकडं. एका बैलावर मोट चालत नाही, आणि वैरण तर रोज लागते. शेवटी माळ्याने त्याला विकायचं ठरवलं.

या हौशाला एक सवय होती. भूक लागली की तो गोठ्याच्या दाराची आगळ वाकड्या शिंगाने उचलायचा, बाजूला सारायचा आणि सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहायचा. म्हातारी त्याला भाकरी द्यायची. मळ्यात घर एकटंच, म्हणून हे कौतुक दोघांपुरतंच राहिलं होतं.

तिथल्या बाजारात जनावराचा दर उपरण्याखाली ठरायचा, बोटांच्या खुणांनी, तिसऱ्याला कळू न देता. पण उपरणं टाकण्याआधी विकणाऱ्याने जनावराची खोड मोठ्याने सांगायची, असा नियम होता. लाथ मारतो, बुजतो, पाण्यात बसतो, जे असेल ते. ऐकून घेतल्यावर पुढे तक्रार नाही. माहीत असून लपवली, तर व्यवहार मोडायचा हक्क घेणाऱ्याचा.

एका तरुण गाडीवानाला आपल्या बैलाला जोड हवी होती. त्याला हौशा आवडला.

"खोड काय, बाबा?" त्याने विचारलं.

माळ्याने हौशाच्या पाठीवरून हात फिरवला. आगळ त्याला आठवली. पण लेकराच्या हुशारीला कुणी खोड म्हणतं का? चारचौघांत आपल्या हौशाला खोडकर म्हणायला त्याची जीभ वळेना.

"खोड नाही," तो म्हणाला. "लेकरू आहे माझं."

चाळीस वर्षांत माळ्याने त्या बाजारात कुणाला फसवलं नव्हतं. गाडीवानाने पुढे काही विचारलं नाही. उपरणं पडलं, बोटं बोलली, दावं या हातातून त्या हातात गेलं.

घरी आल्यावर म्हातारी म्हणाली, "आगळीचं सांगितलंत ना त्याला?"

"ती काय खोड आहे?"

"मग गुण म्हणून सांगायचं होतं."

माळी जेवला नाही.

पुढे आठच दिवसांत व्हायचं ते झालं. गाडीवानाच्या शेजारी एक बाई राहायची. तिच्या लेकीचं लग्न ठरलं होतं. तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक काढून तिने रुखवताच्या कुरडया पाडल्या होत्या आणि अंगणात दोन बाजा भरून वाळत घातल्या होत्या. त्या दिवशी गाडी घरीच होती, आणि भर दुपारी हौशाला भूक लागली. त्याने आगळ उचलली. इथे स्वयंपाकघराचं दार कुठलं ते त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून जे पहिलं अंगण दिसलं त्यात तो शिरला. एक बाज त्याने खाऊन संपवली. दुसरी पायाखाली गेली.

गाडीवान कपाळाला हात लावून बसला. गाडी सोडली की दर वेळी गोठ्यापाशी बसून या बैलाची राखण कोण करणार? "पुढच्या बाजारी घाण्याला देऊन टाकतो," तो म्हणाला. "डोळ्यांना झापडं बांधली की फिरेल गोल गोल."

ही बातमी मळ्यात पोचली. बाजाराच्या दिवशी माळी आणि त्याची बायको धापा टाकत गाडीवानासमोर उभी राहिली.

"माझ्या हौशाला घाण्याला देऊ नकोस रे," माळी म्हणाला.

"तुमचा कसा, बाबा? सगळ्या बाजारासमोर दावं तुम्ही माझ्या हातात दिलंत. बैल माझा, मी ठरवीन."

खरंच होतं ते. विकलेल्या वस्तूवर माया राहते, हक्क राहत नाही.

तेवढ्यात ती शेजारीणही तणतणत आली, आणि सगळेच आत्याबाईंकडे गेले. आत्याबाई म्हणजे बाजारातली सगळ्यांत वडीलधारी बाई. बाजारातले तंटे तीच सोडवायची.

तिने आधी शेजारणीचं ऐकलं. मग गाडीवानाला म्हणाली, "हिची भरपाई तू करायचीस. बैल तुझा, तुझ्या गोठ्यातून सुटला."

"पण मला कुठं ठाऊक होतं तो आगळ काढतो ते?"

"तिला तरी कुठं ठाऊक होतं? तिने तुझ्या बैलाला जेवायला बोलावलं नव्हतं, बाळा. तिचं नुकसान आधी भरायचं. तुझी तक्रार असेल तर ती वेगळी, आणि वेगळ्या माणसावर." मग ती माळ्याकडे वळली. "आगळीची खोड नवी की जुनी?"

नवी आहे, एवढं म्हटलं असतं तर कुणालाही खोटं पाडता आलं नसतं. चाळीस वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं. हौशा मात्र घाण्याला गेला असता. माळ्याने बायकोकडे पाहिलं. तिने नुसता पदर सावरला.

"जुनी," माळी म्हणाला. "मला ठाऊक होती. विचारल्यावर मी नाही म्हणालो."

"का?"

"खोड आहे म्हटलं असतं तर लोकांनी त्याला वाईट म्हटलं असतं."

आत्याबाईचा आवाज मऊ झाला, पण निवाडा नाही. "तुझी माया खरी आहे रे. पण तुझ्या मायेचा भुर्दंड या पोराने का भरावा? शेजारणीची भरपाई आता तुझ्याकडे. आणि गाडीवाना, बैल परत करायचा हक्क तुला आहे. बोल, ठेवतोस की देतोस?"

गाडीवान डोकं खाजवत राहिला. मग माळ्याला म्हणाला, "बाबा, तो आगळ वर उचलूनच काढतो ना? मग वरून एक खुंटी मारली तर?"

"नाही निघणार," माळी म्हणाला.

"एवढंच होतं, तर त्या दिवशीच सांगायचं नाही का? बैल चांगला आहे. मी ठेवतो. घाण्याला नाही देत."

पुढचे चार दिवस माळी आणि माळीण शेजारणीच्या अंगणात राबत होती. गहू माळ्याच्या घरचा, श्रमही त्यांचेच. सोऱ्या दाबून दाबून त्याची मनगटं सुजली, आणि शेजारीण डोक्यावर उभीच.

"बारीक पाडा, बाबा, बारीक. सोयरे खाणार आहेत, बैल नाही."

माळीण तोंडाला पदर लावून हसली. मग शेजारीणही हसली, आणि तिने दोघांना ताटभर गरम चीक खाऊ घातला. लग्न वेळेवर झालं.

पण बाजार सगळं विसरत नाही. पुढे माळ्याने एक शेळी विकायला नेली, तेव्हा घेणाऱ्याने त्याला खोड विचारलीच नाही. स्वतःच वाकून तिचे दात पाहिले, खूर पाहिले, कास पाहिली. माळी मुकाट्याने दावं धरून उभा राहिला. चाळीस वर्षांत कमावलेला विश्वास त्याला पहिल्यापासून पुन्हा कमवावा लागला.

तात्पर्य: वस्तूवर माया कितीही असो, विकताना तिचा दोष आधी सांगावा, कारण लपवलेल्या दोषाची किंमत ज्याचा काही अपराध नाही अशा माणसाला मोजावी लागते.